माझ्या तोंडून

प्रिय अहो,

तुम्ही आतल्या खोलीत पडला आहात आणि मी इथे ओट्याशी बसून तुम्हाला पत्र लिहितेय. हसा हवं तर. बोलायला गेले तर माझा तोल जाईल.

कॅन्सरपायी तुमची अर्धी जीभ काढली, तेव्हापासून तुमचं बोलणं पोटच्या लेकीलाही कळेना. मी मात्र कान तयार केले. शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकाने विचारावं, पँटची कंबर किती सोडणार? तुम्ही काहीतरी पुटपुटायचं आणि मी सांगायचं. डॉक्टरांकडेही तसंच. दर तपासणीला ते विचारायचे, सिगारेट बंद आहे ना? तुम्ही मान हलवायचात आणि मी छातीठोकपणे सांगायचे, पाच वर्षांत शिवलेसुद्धा नाहीत! काय मिरवायचे मी!

शर्टाला सिगारेटचा वास येतो म्हटलं, तर म्हणालात, गिऱ्हाइकांच्या कोटांचा असेल. मला पटलं. शिंप्याच्या अंगाला चार लोकांच्या कपड्यांचा वास लागणारच. नेहमी कोट टाकणाऱ्या त्या शाळामास्तरांना तर मी भर दुकानात झापलं, तुमच्या धुराने आमच्या माणसाचा जीव जाईल म्हणून. बिचारे आ वासून बघत राहिले. तुम्ही खाली मान घालून मशीन चालवत होतात.

मग तुमचा घास अडकायला लागला. नळी घालून तपासलं. डॉक्टर म्हणाले, जुना परतलेला नाही, अन्ननलिकेत हा नवा, वेगळाच कॅन्सर आहे. जो धूर जिभेवरून गेला तोच खालीही गेलेला असतो, म्हणून अशा माणसांना दुसऱ्या कॅन्सरची भीती राहतेच. तरी लवकर सापडलाय, ऑपरेशन होईल. फक्त सिगारेट अजिबात नको, नाहीतर भूल आणि टाके दोन्ही धोक्यात. मी पुन्हा ठणकावून सांगितलं, बंदच आहे.

काल मास्तर कोट न्यायला आले. एक बटण राहिलं होतं, म्हणून मी तुमचा बटणांचा डबा उपडा केला. बटणांबरोबर सिगारेटचं पाकीट पडलं, अर्धं संपलेलं. मास्तर हळूच म्हणाले, वहिनी, मी जन्मात कधी ओढली नाही हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहो, सवय सुटत नाही हे मला कळतं. सांगितलं असतंत तर कडाकडा भांडले असते आणि मग तुमचा हात धरून डॉक्टरांकडे गेले असते. पण तुम्ही तुमचं खोटं माझ्या तोंडून वदवलंत. जिने तुमचा प्रत्येक शब्द जिवापाड जपला, तिचाच केसाने गळा कापलात. याचा राग जात नाही, जाईल असं वाटतही नाही.

उद्या ऑपरेशनचं ठरवायला बोलावलंय, म्हणून हे आजच लिहिलं. मी येईन. शेजारच्या खुर्चीत बसेन. डॉक्टर सिगारेटचं विचारतील तेव्हा मी गप्प राहणार आहे. उरलेल्या जिभेने तुम्हीच सांगा. त्यांना नाही कळलं तर पुन्हा सांगा, कळेपर्यंत सांगा. तेवढं एक खरं बोललात की पुढचं सगळं बोलायला मी आहे.

अजून तरी तुमचीच