लाल सीट कोरडी ठेवणे

रविवार, ३ एप्रिल १९८३. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. फक्त टेक्निकल नोंदी. घरगुती विषय आणायचे नाहीत.

शांतम्मा माहेरी नांदेडला गेली त्याला आज आठ दिवस झाले. कारण किरकोळ. टँकर आता रेल्वे फाटकापाशीच थांबतो. ती म्हणाली, दोन घागरी गाडीत ठेवून आणू. मी म्हणालो, सीट लाल चामड्याची आहे, हैदराबादच्या नवाबाच्या जावयाने तीस वर्षं एक डाग पडू दिला नाही, पाण्याने चामडं फुगतं. ती म्हणाली, ज्या गाडीत माझी घागर बसत नाही त्या गाडीत मीही बसत नाही. आणि दहाच्या एसटीने गेली.

बसवजयंतीच्या आत तिला आणायचं आहे. एसटीने नाही, ह्याच गाडीने. इज्जतीचा सवाल आहे.

आता मुख्य विषय. जिल्हा नवीन झाला तेव्हा माझ्या दुकानाला सीझन लागला. जेवढी ऑफिसं तेवढे रबरी शिक्के, सगळीकडे उस्मानाबाद काढून लातूर. पाऊस तेवढा लागला नाही. त्या सीझनवर ही विलायती गाडी घेतली. दोन दरवाजे, दोनच सीटा, मीटरवर शंभर मैलांपर्यंत आकडे.

तक्रार: पिकप गेला. ॲक्सिलरेटर दाबला की खोकते, मिसिंग मारते, मागून काळा धूर. मागच्या महिन्यात चाकूरजवळ बैलगाडीने ओव्हरटेक केलं. पण नेहमी असं होत नाही. केव्हा होतं ते शोधलं की संपलं. मला यंत्राचं अंग उपजत आहे. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

मंगळवार, ५ एप्रिल.
गाडी साहेबराव मिस्त्रीकडे नेली. जाण्याआधी गाडीतली छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, काढून घरी ठेवली. मागच्या वेळी त्याच्या वर्कशॉपातल्या लोकांनी ती बघता बघता रिकामी केली होती. सध्या कुणावर भरवसा नाही. छागल बाहेर बंपरला अडकवत होतो तेव्हा अहमदपूरला मी चहा पिऊन येईस्तोवर कुणीतरी तिचं पाणी पिऊन गेलं.

तेव्हापासून आतच अडकवतो. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, डॅशबोर्डखाली, खाली तोंड केलेली एक वाकडी खुंटी आहे. तिच्यावरची अक्षरं पुसलीत. हॅट अडकवायला दिली असावी. अशा बाबतीत ते लोक लई पुढं. पाच लिटरची छागल तिथं बरोबर बसते आणि सीटवर थेंब पडत नाही.

मिस्त्रीने मुरुडच्या रस्त्याला चक्कर मारली. म्हणाला, आप्पा, गाडीत काई खोट न्हाई, बाणासारखी पळून राहिली. ज्याला दोष सापडत नाही तो दोष नाहीच म्हणतो. पुन्हा जाणार नाही. प्लग घरीच काढले आणि शिक्के साफ करायच्या ब्रशने घासले.

रविवार, १० एप्रिल. संध्याकाळी ७.
मोठा दिवस. डायग्नोसिस झालं.

सकाळी नांदेडला निघालो. घरात पाणी नव्हतं, छागल कोरडीच होती. गाडी ताशी सत्तर मैलांनी गेली. प्लग मीच घासले होते.

सासूबाईंनी, दानम्मांनी, शांतम्माला समजावलं आणि छागल स्वतःच्या हाताने काठोकाठ भरून दिली. तिकडे नळाला पाणी येतं. शांतम्मा न बोलता बसली, पण गाव सोडल्यावर बोलायला लागली ते थांबेना. आमच्या गल्लीतल्या पारूबाईची चौकशी. टँकरची चौकशी. ही छागल माझ्या पायावर ठिबकून राहिली, ती काढा. आणि गाडी पुन्हा खोकायला लागली. लोहा यायला दोन तास लागले. सायकलवाला पुढं गेला आणि मागं वळून बघत राहिला.

लोह्याला थांबून शास्त्रशुद्ध विचार केला. जाताना गाडी चांगली, येताना वाईट. रस्ता तोच, गाडी तीच, पेट्रोल तेच. मध्ये बदललं काय? शांतम्मा. म्हणजे वजन. हे तिला अगदी सौम्य टेक्निकल भाषेत समजावून सांगितलं.

ती उतरली आणि समोर उभ्या असलेल्या नांदेडच्या एसटीत बसली. रागावली असं म्हणता येत नाही, कारण दार हळू लावलं होतं.

टेन्शनमुळे अर्धी छागल पिऊन टाकली, उरलेली डोक्यावर ओतली. तिथून लातूरपर्यंत गाडी पाखरासारखी आली. सिद्धांत पक्का झाला. आनंद मात्र म्हणावा तसा झाला नाही.

बुधवार, १३ एप्रिल.
पडताळणी. शेजारच्या सीटवर खाली सतरंजी घालून जोंधळ्याचं पोतं ठेवलं. वजन शांतम्मापेक्षा थोडं जास्तच. चाकूरपर्यंत गेलो आणि आलो. छागल कोरडीच होती. ताशी पंच्याहत्तर मैल. एकदाही खोकली नाही.

म्हणजे वजनाचा सिद्धांत रद्द. चूक कबूल करायला मी घाबरत नाही. मग पोत्यात आणि शांतम्मात फरक काय? पोतं बोलत नाही. आवाजाने कार्बोरेटर थरथरत असला पाहिजे.

तिला लगेच पत्र टाकलं. दोष तुझ्या वजनात नाही, तुझ्या बोलण्यात आहे, तरी मनात काही ठेवू नये. पोत्याच्या प्रयोगाची सविस्तर माहितीही कळवली.

बुधवार, २७ एप्रिल.
उत्तर नाही. टपाल खातं ढिलं झालंय.

चौदा दिवस पिठलं. काल त्यात मीठ दोनदा पडलं. फाटकापासून एक घागर खांद्यावर आणली, घरी पोचली तेव्हा अर्धी होती आणि माझा सदरा पिळावा लागला. शांतम्मा दोन आणायची. पारूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, आप्पा, गाडी बरी हाय ना, तिला काई तरास न्हाई ना? मी म्हणालो, काम चालू आहे.

करमत नाही. हे टेक्निकल नाही, तरी लिहून ठेवतो.

सोमवार, २ मे.
कार्ड आलं. तीन वाक्यं. दोन भरल्या घागरी घेऊन येईन. सीटवर बसूनच येईन. बोलणार नाही.

तिसरी अट मान्य. पहिल्या दोन कठीण. दुपारभर लाल सीटकडे बघत बसलो. मग दुकानातून शिक्क्यांच्या रबराची मोठी शीट आणून सीटवर अंथरली. रबर अस्सल आहे, थेंब आत जाणार नाही.

रविवार, ८ मे. संध्याकाळी ६.
आणली. शांतम्मा घरात आहे.

नांदेडहून निघताना एक घागर तिच्या मांडीवर, एक पायांत. सासूबाईंनी छागल पुन्हा भरून दिली, ती मी खुंटीला अडकवली. शांतम्मा गप्प. तरी गाडी खोकायला लागली. मी विचारात पडलो, पण उलगडा झाला. निघण्याआधी ती आईशी तासभर बोलली होती. त्याचा परिणाम राहिला असणार.

लोह्याच्या अलीकडे छागल तिच्या पायावर ठिबकायला लागली. तिने ती काढून घागरीच्या गळ्यात अडकवली. त्याच क्षणी गाडीने अशी झेप घेतली की माझी टोपी मागं गेली. तिने खुंटीकडे बघितलं. छागल पुन्हा खुंटीला लावली. गाडी खोकली. काढली. पळाली. असं तिने तीनदा केलं. शेवटी छागल घागरीलाच ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बायकांना प्रवासात काहीतरी चाळा लागतोच. माझं लक्ष रस्त्यावर होतं.

लातूरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, गाडी एकदाही अडली नाही. बोलण्याचा सिद्धांत संपूर्ण सिद्ध. उद्या मिस्त्रीला ऐकवतो.

रबरावरून पाणी ओघळून शिवणीत गेलं. सीट थोडी ओली आहे.

सोमवार, ९ मे.
मिस्त्रीकडे गेलो. शांतम्मा म्हणाली, मीही येते. छागल भरून बरोबर घेतली. मी चार गिऱ्हाइकांसमोर सिद्धांत मांडला. पोत्याचा प्रयोगही सांगितला.

माझं संपल्यावर शांतम्माने गाडी चालू करायला सांगितली आणि छागल खुंटीला अडकवली. गाडी खोकली, काळा धूर आला. मिस्त्रीने वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग म्हणाला, आप्पा, हा चोक हाय. थंडीत गाडी गार असली की चालू करताना ओढायचा आन् लगेच सोडायचा. तुम्ही पाच लिटर पाण्यानं ओढून ठिवला. पेट्रोल जास्ती जाऊन राहिलं, गाडीचा दम कोंडला. पाणी सरलं की स्प्रिंगनं चोक आपसूक आत.

तो हसला नाही. फक्त पान्हा आणतो म्हणून वर्कशॉपच्या मागे गेला आणि लवकर आला नाही.

नमूद करतो की त्या भागाकडे माझं लक्ष पहिल्यापासून होतं. ५ एप्रिलच्या पानावर खुंटीची नोंद आहे.

घरी येताना शांतम्माला विचारलं, कालच का नाही सांगितलं? ती म्हणाली, बोलायचं नव्हतं ना. शेवटी म्हणालो, चुकलं माझं, वजनाचंही आणि बोलण्याचंही. ती म्हणाली, घागरीचं? म्हणालो, घागरीचंही.

रविवार, १५ मे. बसवजयंती.
गाडी टिपटॉप. पिकप पूर्ण परत आला.

पहाटे पाचला पूजेआधी फाटकावर गेलो. आमच्या चार घागरी, पारूबाईच्या दोन, कोपऱ्यावरच्या शेषेराव गुरुजींची एक बादली. दोन सीटांच्या गाडीत हे सगळं बसतं, हे नवाबाच्या जावयालाही माहीत नसेल. रबराची शीट काढून टाकली, तिचे शिक्के होतील. सीट फुगली आहे.

ताशी पाच मैलांच्या वर गेलं की पाणी सांडतं. परतताना तीच चाकूरकडची बैलगाडी शेजारून पुढं गेली. गाडीवानाने ओळखलं, हात केला. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. शांतम्माने मांडीवरच्या घागरीच्या तोंडावर हात धरला आणि म्हणाली, हळू. मी दाबला नाही.