साठ बोल्टांची फळी

५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वहिनीनं दिलेला डबा गाडीतच संपवला. तेव्हा मी वाळले आहे हे तिचं म्हणणं तिनं आता मागे घ्यावं.

आमच्या केंद्राच्या भंगारातून मी आणलेली परीक्षेची जुनी फळी जपून वापर. साठ बोल्ट अर्ध्या तासात बसवायचे, एवढीच परीक्षा आहे. मी निघाले तेव्हा तू एकतिसावर होतास. उजव्या हाताचा उरलाय तो अंगठा बोल्टच्या डोक्यावर दाबून धर आणि नट डाव्यानं फिरव. घड्याळ मात्र वहिनीकडे दे. तू स्वतःला दोन-दोन मिनिटं सवलत देतोस, मी पाहिलंय.

कारखान्यातल्या प्रेसमध्ये तुझी बोटं गेली त्याला दीड वर्ष झालं. माझ्या शिक्षणापायी तू त्याच प्रेसवर जादा पाळ्या करत होतास. दुसऱ्या अपंगांना कामाला लावणाऱ्या केंद्रात मी नोकरी करते आणि तू घरी बसलेला, हे मला सहन होत नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
मास्तरीण

२ जून

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद.

नेहमीप्रमाणे मी सांगतोय आणि शेजारचे शिंपीकाका लिहितायत. त्यांचाही तुला आशीर्वाद आहे, तो त्यांनी माझ्याआधी लिहून घेतला.

काल परीक्षा झाली. तीन मिनिटं बाकी असतानाच साठावा बोल्ट बसला. परीक्षक साहेबांनी दोनदा मोजले आणि फळीखाली वाकूनही पाहिलं, कुणी लपलंय की काय म्हणून. कुलपांच्या कारखान्यात एकच जागा होती, ती मला मिळाली. एक जुलैला हजर व्हायचं.

तुझ्या वहिनीनं माझा कामाचा जुना शर्ट काढला आणि डाव्या हातानं लागतील अशी मोठी बटणं त्याला लावली. शिंपीकाका म्हणतात, शेजारात धंदा चोरू नये. आपल्या घरात परीक्षा पास झालेली तू पहिली. आता मी दुसरा.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशी असतो.
दादा

११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचवेना.

इथे मला नियमांचं पुस्तक नव्यानं लिहून काढायला दिलं होतं. शेवटून दुसऱ्या पानावर म्हटलंय की उमेदवारानं परीक्षेची फळी आधी हाताळलेली नसावी. शपथेवर सांगते, मला हे माहीत नव्हतं. पण आता माहीत झालं, आणि गप्प बसले तर ती लबाडी होईल. शाळेत मी कधी शेजारणीच्या वहीत डोकावले नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुमच्याकडच्या केंद्रातल्या परीक्षकांना मी काल पत्रानं कळवलं. चूक सर्वस्वी माझी, दादाची नाही, असं स्पष्ट लिहिलं. फार तर वेगळ्या फळीवर परीक्षा पुन्हा घेतील, आणि तू पुन्हा पास होशील. हात तर तुझाच आहे.

रागावू नकोस. उलट टपाली लिही.
मास्तरीण

२७ जून

वन्संना नमस्कार.

हे माझं पत्र आहे. त्यांना काही सांगायचं नाही, म्हणून मी सांगतेय.

परीक्षा रद्द झाली. वर्षभर पुन्हा बसता येणार नाही. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. तो पायानं अधू आहे बिचारा, त्याच्यावर आमचा राग नाही. हे इथल्या केंद्रावर विचारायला गेले, तर साहेब म्हणाले की आम्ही मुळातली कुवत बघतो, सराव नाही. ह्यांनी विचारलं, मग इथले शिक्षक दिवसभर करतात काय? साहेब पंख्याकडे बघत बसले.

तुम्हाला शिकवायचंच, हा हट्ट माझाही होता. शाळेनं तुम्हाला खरं बोलायला शिकवलं, ते चांगलंच झालं. पण पत्र टाकायच्या आधी एकदा आम्हाला विचारलं असतंत तर? साहेबांचा पत्ता सापडला, आमचा तर तुम्हाला पाठ होता.

शर्ट घडी करून ठेवलाय. शिंपीकाकांनी या वेळी स्वतःचं काही लिहिलं नाही.

प्रकृतीला जपा.
वहिनी

६ जुलै

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

मी इथल्या साहेबांपुढे रडले. फळी मी दिली, तेव्हा शिक्षा मला द्या आणि दादाची जागा परत द्या, असं म्हणाले. जागा देणं त्यांच्या हातात नाही म्हणे. काल त्यांनी तुमच्याकडच्या परीक्षकांनी इकडे पाठवलेलं माझं ते पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे म्हणाले आणि मला नोकरीत कायम केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी होते.

दादा, शिव्या घाल, पण दोन ओळी तरी पाठव.
मास्तरीण

९ ऑगस्ट

मास्तरीण,

फळी परत पाठवतोय. साठही बोल्ट बसवलेत, मोजून घे. आम्हाला आता तिचा उपयोग नाही.

अक्षर वाकडं आहे, कारण हे शिंपीकाकांचं नाही. माझं आहे, डाव्या हातानं लिहिलंय. महिनाभर सराव केला. कुणाला कळवायचं असेल तर कळव.

दादा