पोळ्याच्या दुपारी केलेल्या सह्या

जळगाव,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नाना,

सूनबाई मोहिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. आईंनाही सांगा. शिरपूरकडे पोळा जोरात झाला असं कळलं. बैलांच्या शिंगांना यंदा कोणता रंग दिला? 'आजोबांनी मला न विचारता रंगवले,' म्हणून तुमची नात भाविका रुसून बसलीय. पुरणपोळ्या केल्या, तर म्हणे आजीसारख्या नाहीत. आता एवढ्याशा पोरीशी वाद तरी काय घालणार!

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहोत. फोन केला की तुम्ही 'हां, बरं शे' म्हणता आणि लगेच आईंच्या हातात देता. मला मात्र आज तुमच्याशीच बोलायचंय, म्हणून लिहायला बसले.

घेतोय तो फ्लॅट छान आहे हो. पूर्वेला बाल्कनी, सकाळचं ऊन थेट आत येतं. तुमची खाट कुठे टाकायची तेही ठरवून टाकलंय.

तर बँकेच्या कर्जाचं सांगते. गुरुवारी गुरुपुष्यामृत, राहुकाळ लागायच्या आत सह्या करा, असं तुम्ही बजावलं होतं. आम्ही नारळ घेऊन वेळेत पोचलो. बँकेतल्या चंदन साहेबांनी हा एवढा गठ्ठा पुढे केला, पानापानावर पिवळ्या चिठ्ठ्या. 'इथे सही, इथे सही.' भाविकाचे पप्पा, म्हणजे तुमचे चिरंजीव, पेन उघडून तयारच. मी म्हटलं, 'थांबा. व्याज किती ते कुठे लिहिलंय?'

'अगं, साहेबांनी सांगितलंय ना, सात नव्वद!'

सांगितलंय, पण लिहिलंय कुठे? पहिल्या पानावर रक्कम, मुदत, घराचा पत्ता, बठ्ठं होतं, फक्त व्याज नव्हतं. तिथे म्हणे 'परिशिष्ट पाहा'. परिशिष्ट पार शेवटी. तिथेही सरळ आकडा नाही. रेपो दर साडेपाच, अधिक बँकेचे दोन पंचेचाळीस. केली बेरीज. सात पंच्याण्णव!

भाविकाचे पप्पा घड्याळाकडे बघून घामाघूम. 'पाच पैशांसाठी मुहूर्त घालवतेस का?' म्हटलं, वीस वर्षांत त्या पाच पैशांचं चांगलं वॉशिंग मशीन येतं.

चंदन साहेब भला माणूस. त्यांनी फाइल उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, 'ताई, सात नव्वद बाईंचं नाव पहिलं असेल तर. तुमच्या अर्जात मिस्टरांचं पहिलं आहे.'

आता नाना, अर्ज भरताना शेजारी बसून 'पहिले पोऱ्यानं नाव लिखा' असं कोण म्हणालं होतं, ते मी लिहू का? जाऊ द्या. लग्नपत्रिकेत मुलाकडचे मुलाचं नाव आधी लिहितात तसं तुम्ही सांगितलं, मीही मान डोलावली.

नावं बदलायची तर कागद पुन्हा मंजुरीला जाणार. राहुकाळ लागला, आम्ही नारळ पिशवीत घालून बाहेर आलो, आणि तेवढ्यात तुमचा फोन. 'व्हयनं का रे?' यांची जी काय गाळण उडाली म्हणता! म्हणाले, 'झालं नाना!' तुम्ही तिकडे गल्लीभर पेढे वाटलेत. इकडे एकसुद्धा सही झालेली नव्हती.

सह्या झाल्या शुक्रवारी दुपारी. पोळ्याच्या दिवशी. हो, अमावस्या लागली होती. आता एवढं सांगितलंच आहे तर उरलेलंही सांगते. घराच्या कर्जावर पहिलं नाव माझं आहे आणि व्याज सात नव्वद.

तुमच्याशी खोटं बोलले म्हणून यांनी रात्री धड जेवणसुद्धा केलं नाही. पण 'नाव तुझंच पहिलं राहू दे, अर्धा हप्ता तूच भरणार आहेस,' हे यांनीच म्हटलं. आणि पुढे, 'नानांना मात्र तू सांग.' बघा तुमचा वाघ!

खरं सांगू? पाच पैशांचं मी सगळ्यांना सांगत सुटलेय. पण कागदावर सगळ्यात वर 'मोहिनी नवीन', आधी माझं नाव आणि मागोमाग यांचं, असं वाचलं ना, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद मला परवडेल असं वाटलं नव्हतं. आणि लगेच तुमचा चेहरा आठवला. तुमचा शब्द मोडला गेला, मुहूर्त गेला, वर अमावस्या. तुम्ही आता इथे पाय ठेवणार नाही, याची मला धास्ती वाटते. ती खाट रिकामी राहिली तर या घराची गोडीच जाईल माझी.

दसऱ्याला वास्तुशांत आहे. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा, चार माणसांत रागवा, मी खाली मान घालून ऐकेन. पण या. कागदावर पहिलं नाव माझं लागलं, पण नाना, दारातून पहिला पाय तुमचाच पडणार. तुम्ही येईपर्यंत मी आपली बाहेर जिन्यात उभी राहीन.

वाट बघणारी,
तुमची मोहिनी