बोर्डावरचं आडनाव

३ ऑगस्ट १९७१
आज एक पेशंट आणि दोन कोंबड्या. कोंबड्या जास्त वेळ बसल्या!
दवाखान्याची वाटणी लग्नातच झाली – रोग डॉक्टरांकडे, धंदा माझ्याकडे. म्हणजे बाक पुसणं, बाटल्या उकळणं, येईल त्याच्याशी गोड बोलणं आणि नवऱ्याला सांगणं, 'जरा हसा.' हसत नाहीत. सुतकी चेहऱ्याने नाडी बघतात. पेशंटला वाटतं, आपलं काही खरं नाही.

५ ऑगस्ट
घरमालक दौलतराव आले. चहा विचारला, तर "आत्ताच झालाय." आमच्या दारात पाऊल टाकण्याआधी यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो!
मग घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, बोर्ड रंगवताय न्हवं? आडनाव कशापायी? नुसतं डॉ. जयसिंग लिवा. भारदस्त वाटतंय."
भारदस्त! ओव्हाळ वाचलं की जात कळते, असं सरळ म्हणा ना! मी म्हटलं, "आडनाव नसेल तर बोर्डच नको." डॉक्टर थर्मामीटर झटकत होते. झटकतच राहिले.

६ ऑगस्ट
अजून राग आहे. मामंजींनी खडकीला कारखान्यात घण मारून पोराला डॉक्टर केलं. बावीस तारखेला, रविवारी, ते मुद्दाम बोर्ड बघायला येणार आहेत. आणि आडनाव गाळायचं? आम्ही बौद्ध झालो ते काय लपायला?

१० ऑगस्ट
यशोदाबाई आल्या – दौलतरावांच्या मातोश्री. खोकून बेजार. आल्या त्या मागच्या दाराने, पदर नाकापर्यंत, औषधाला घरची बाटली, प्यायला घरचा तांब्या. आमच्या माठाकडे अशा बघत होत्या, जणू तो चावणार आहे.
मिक्श्चर दिलं. डोसाची कागदी पट्टी चिकटवली. दिवसातून तीन वेळा.

१४ ऑगस्ट
खोकला गेला! यशोदाबाई गावभर सांगतायत, "डॉक्टरच्या हाताला गुण हाय."
आता गंमत ऐक. त्या बाटलीत औषध बोटभर, बाकी सगळं पाणी. आणि पाणी कुठलं? त्याच माठातलं, उकळून गार केलेलं! हाताचा नाही हो आजी, माठाचा गुण!
सांगायला निघालेच होते. डॉक्टरांनी डोळे वटारले. धंदा म्हणून गप्प बसले, पण मेथी निवडताना एकटीच हसत होते, पोट दुखेस्तोवर.

१७ ऑगस्ट
बाक भरला. सकाळची शिफ्ट सुटली की कंपनीवाले, त्यांच्या आधी गावातल्या बायका. सगळ्या पुढच्या दाराने. आम्ही कोण ते सगळ्या काळेवाडीला ठाऊक आहे. मग बोर्डाने काय घोडं मारलंय? भैरू पेंटरला बजावून आले – आडनाव नावापेक्षा मोठं काढ!

२१ ऑगस्ट
बोर्ड आला. पिवळ्यावर काळी अक्षरं. 'डॉ. जयसिंग'. बस्स.
भैरू म्हणाला, "मला मागनं निरोप आला वैनी, तसं केलं."
पदर खोचला आणि थेट दौलतरावांचा ओटा गाठला. तोंडाला येईल ते बोलले. आमच्या हातचं औषध चालतं, आडनाव चालत नाही? उद्या सासऱ्यांना काय दाखवू? गल्ली गोळा झाली. दौलतराव चकार शब्द बोलले नाहीत. बोलतील कशाला, चोरच ते! घरी येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे नीला." असा भला माणूस. कीव आली मला त्यांची.

२२ ऑगस्ट, रविवार
सकाळी दौलतराव दारात. "काल चारचौघांत बोललो न्हाई. बोर्डाचं माझं म्हणणं न्हवतं, बाई. डॉक्टरच म्हणले, 'नव्या वसाहतीतली लोकं आडनाव वाचून माघारी जातील. तुमी सांगून बघा तिला, माझं ऐकायची न्हाई.'"
डॉक्टर स्टोव्हवर सुया उकळत होते. मान वर केली नाही. मला रागाने रडूच आलं.
तेवढ्यात मामंजी आले. नवा फेटा. बोर्डाखाली उभं राहून अक्षर अक्षर जुळवून वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् आपलं आडनाव?"
मी डोळे पुसले. म्हटलं, "रंग संपला, मामंजी."