पाहुणा येणार म्हणून झाडलेली खोली

प्रिय बाबा,

आधी हसून घे, तुझी भिंगरी एका नोकरीत टिकलीय! रंगकाम सुटलं. शिडीवर उभी राहून मी खिडकीतून लोकांच्या घरातली भांडणं बघत बसायचे, शेवटी मुकादमाने हात जोडले. आता मी एका मध्यस्थ बाईंची गाडी चालवते. चढ आला की गाडी दम लागल्यासारखी खोकते आणि बाई मागून तिलाच धीर देतात, चल गं बाई, आलंच. परवा रस्ता चुकून मी त्यांना एका तळ्याकाठी घेऊन गेले. तिथली बदकं... राहू दे, ते नंतर.

बाईंचं काम असं, की कुणाचं विमा कंपनीशी वाजलं तर कोर्टाबाहेर दोघांना एका टेबलाशी बसवायचं. निकाल बाई देतच नाहीत, काय ते त्या दोघांनीच ठरवायचं. त्यांची अट मात्र भारी आहे. आपलं गाऱ्हाणं मांडण्याआधी समोरच्याचं मांडायचं, तो ‘हां, अगदी हेच’ म्हणेपर्यंत. आतलं बाहेर सांगायचं नाही, म्हणून कोण ते सांगत नाही, पण एक आजोबा कंपनीची बाजू मांडताना असे रंगले, की कंपनीचाच माणूस म्हणाला, पुरे आजोबा, आमचं एवढंही काही खरं नाही!

मग मी तुझ्या केसवर तोच प्रयोग केला. रागावू नकोस. कंपनी म्हणते, वरचा पाइप फुटून तुमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपात पाणी भरलं म्हणता, पण आमचा सर्व्हेअर गेला तेव्हा खोली कोरडी ठणठणीत, फरशी लख्ख, फुगलेली एक फळीसुद्धा नाही. अरे, नसणारच ना! नुकसान मोजायला येणारा माणूस तुझ्या लेखी पाहुणा. पाहुण्याला पसारा दाखवायचा कसा, म्हणून तू रात्रंदिवस राबून सगळं उचलून टाकलंस, वर त्याला तुझ्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवून चहा पाजलास. त्याने लिहिलं, ‘नुकसान आढळले नाही.’ आई सांगते, ती ओळ वाचल्यापासून तू रंध्याला हात लावलेला नाहीस. पैसे गेले खड्ड्यात, मी खोटारडा नाही हे जजने म्हणायला हवं, एवढंच तुझं पालुपद. आणि जज देतात पुढची तारीख.

म्हणून मी त्या सर्व्हेअरलाच गाठलं. कुणाची मुलगी ते आधीच सांगून टाकलं. त्याला तुझा चहा आठवत होता. मग म्हणाला, सुताराच्या खोलीत चिमूटभर भुसा नाही, तेव्हाच मला खटकायला हवं होतं. मी विचारलंच नाही, की आवरलेलं गेलं कुठे? मी सांगितलं, शेजारच्या मावशींनी त्या फुगलेल्या फळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकल्यात. पठ्ठ्या जाऊन बघून आला! एका कोंबडीने चोच मारली म्हणे.

आता खरं कारण. कंपनीने बाईंच्या टेबलाशी बसायला होकार दिलाय, फक्त तुझा राहिलाय. केस मागे घ्यायची नाहीये. नाही जमलं तर कोर्ट आहेच, तिथे खुशाल भांड. बाबा पैशाचं बोलायला येणार नाही, असं मी बाईंना बजावलं होतं. त्या म्हणाल्या, मग पैशाचं शेवटी काढू, आधी ज्याने ती ओळ लिहिली त्यालाच तुझ्या बाबांसमोर ती खोडू दे. तो तयार आहे, बाबा. ‘मी चुकलो’ हे त्याला तुझ्या तोंडावर म्हणायचंय, आणि ते ऐकायला तू तिथे असायला हवास. फोनवर ‘बघू’ म्हणू नकोस. तुझं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून कळतं. ‘हो’ म्हण, की निघालेच तुला न्यायला.

एका जागी थांबून तुझ्या फोनची वाट बघणारी,
तुझीच
भिंगरी