नाही म्हणणारी टीम

उत्रेख्त, नेदरलँड्स

ती. बाबा,
नमस्कार, आणि आईला घट्ट मिठी.

आमच्या सॉफ्टवेअरचं काम भारतातल्या कुठल्या टीमला द्यायचं, हे ठरवायला साहेबांनी मला बसवलं. मी मुद्दाम अशक्य मुदत सांगितली. दोन टीम लगेच "हो, हो" म्हणाल्या. पुण्याच्या टीमच्या प्रमुख दीपालीताई म्हणाल्या, "एवढ्यात होणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे बघा."

साहेब गारच पडले! मला मात्र बुधवार पेठेतल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात "मिक्सर आजच हवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला अस्संच सुनावणारे तुम्ही दिसलात. काम त्यांनाच दिलं.

गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही लगेच "छान" म्हणता, म्हणूनच विश्वास बसत नाही. टीमला भेटायला पुढच्या महिन्यात मलाच पाठवतायत. मी आल्याआल्या तुम्ही जिना चढून दाखवायचा!

तुमच्यावरच गेलेली,
ऋचा