माझ्या व्यवस्थापनाची तपासणी

३ फेब्रुवारी
महिनाभराचे शाळा व्यवस्थापनाचे ट्रेनिंग संपवून आज पुन्हा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. तिथे शिकण्यासारखे नव्हतेच काही. शिकवणाऱ्यांच्याच चुका मी काढून दिल्या. आता मूल्यमापन होणार. जिथे सर्वाधिक सुधारणा दिसेल, त्या शाळेतून पुढच्या ट्रेनिंगसाठी मार्गदर्शक निवडणार. म्हणजे मीच. नवी पर्स घ्यावी.

४ फेब्रुवारी
माझ्यामागे चार्ज पहिलीच्या बाईंकडे होता. त्यांनी पालकांना थेट वर्गात येऊन बसायची सवय लावलेली. बंद केली. शाळा आहे, बाग नव्हे.
निश्चय : कामे वाटून द्यायची. सकाळी वेळापत्रक पहिलीच्या बाईंना दिले. दुपारी परत घेतले. अक्षर फार बारीक.

६ फेब्रुवारी
सूचनापेटी बसवली. माझ्याच टेबलावर, म्हणजे कोण काय टाकतो ते दिसेल. शिपाई म्हणाला, बाई, जिन्याखाली ठेवू का? म्हटले, तिथे लक्ष कोण ठेवणार? तेच तर, म्हणाला. संध्याकाळी पेटी रिकामी. स्टाफ समाधानी आहे.

१० फेब्रुवारी
'शिक्षकांना बोलू द्या' हे तत्त्व अमलात आणले. मीटिंगमध्ये त्याचे महत्त्व दीड तास समजावले. मग म्हटले, हं, बोला आता. तेवढ्यात शाळा सुटली.
जेवताना ह्यांनी विचारले, पुन्हा ट्रेनिंग कधी गं? माझ्या कामात इतका रस कधी घेतला नव्हता.

१४ फेब्रुवारी
मूल्यमापनवाली आली. पोरसवदा. म्हणाली, मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसाल? व्हरांड्यात बसले. आत हसण्याचा गलका. कौतुक चालले असणार. समोर लाजतात बिचारे.

२८ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. सर्वाधिक सुधारणा आमच्याच शाळेत! स्टाफला चहा सांगितला, मग पान उलटले. सुधारणा जानेवारीतली. मुले वेळेवर, पालक हजर, शिक्षकांच्या रजा बंद. फेब्रुवारीत सगळे मूळपदावर. मार्गदर्शक : पहिलीच्या बाई. माझ्यासाठी शिफारस : ट्रेनिंगचा दुसरा टप्पा, वर्षभराचा, ऐच्छिक.
माझ्यावाचून शाळेचे कसे होणार? चहा आला तेव्हा सगळ्यांनाच विचारले, मी जावे असे कुणाला वाटते, हात वर करा.
सगळे हात वर. शिपायाने ट्रे खाली ठेवून दोन्ही केले.